दान कुणाच्या हातात?

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, नाहीतर पुढचं तू ऐकणारच नाहीस. तुमच्या खेळाचे पत्ते आणि पट छापायला पॅरीस कॉर्नरला जा, अँडरसन स्ट्रीटवर. कागदाची आणि लग्नपत्रिकांची दुकानं ओळीनं आहेत. मॉलमधल्या चकचकीत प्रिंटवाल्याच्या नादी लागू नका. आणि पहिला पट तर छापूच नका, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनानं काढा. छापून आणलेल्या पटावर काट मारायला कुणाचा हात धजत नाही, आणि तुम्हाला तर बरीच काट मारावी लागणार आहे.

आता बस जरा.

स्पर्धेसाठी तुम्ही करताय त्या खेळाचे नियम मी नीट वाचले. विषय चांगला धरलात. चेन्नईत अड्यार नदीच्या काठावरून उठवून पेरुंबाक्कमच्या सात-आठ मजली इमारतीत नेऊन ठेवलेली घरकामवाली बाई आणि तिचा एक महिना. तीस घरांचा पट, हातात नऊ हजार रुपये, रोज एक पत्ता उचलायचा. मुलाला ताप आलाय, सरकारी दवाखाना की खासगी? कामाला जायचंय, बस की शेअर ऑटो? नवरा पैसे मागतोय, द्यायचे की लपवायचे? महिनाअखेरीस ज्याच्याकडे जास्त पैसे उरतील तो जिंकला. चित्रंही छान जमलीत. तुमच्या वर्गातली पोरं हौसेनं खेळतील.

आणि खेळून उठताना काय म्हणतील सांगू? ‘मी तर दोन हजार वाचवले. जमतं की! मग या बायकांना का नाही जमत?’

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत २०११ साली ‘स्पेंट’ नावाचा खेळ निघाला. डरहॅम शहरातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी एका जाहिरात कंपनीनं तो केला. नोकरी गेलीये, घर गेलंय, हातात हजार डॉलर आहेत, महिना काढून दाखवा. तुमचाच खेळ म्हण ना. लाखो लोक तो खेळले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग येल विद्यापीठातल्या जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ या दोघांनी तपासून पाहिलं की हा खेळ खेळून गरिबांविषयी लोकांचं मन बदलतं का. २०१६ साली त्यांचा निबंध आला. मन काही मऊ झालं नव्हतं. उलट, खेळणाऱ्यांपैकी काहींचं मत आणखी वाईट झालं. कारण उघड आहे. खेळात प्रत्येक पावलाला दान तुमच्या हातात असतं. तासभर आपणच सगळं ठरवत बसल्यावर माणसाला वाटायला लागतं की गरिबी हीसुद्धा ठरवण्याचीच गोष्ट असणार, चुकीचे पत्ते निवडले की येते.

अगं, खेळाची गंमतच मुळी निवडीत आहे. आणि गरिबीत नेमकी निवडच नसते. तुमचा सगळा पेच इथे आहे. रंग, फासे, ॲप की कागद, हे सगळं त्याच्या मागून.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे असले खेळ माझ्या टेबलावर दर वर्षी येतात. निम्मे तरी सापशिडीचे असतात. शिक्षण घेतलं, चढा शिडी. बचत गटात गेलात, चढा शिडी. दारू प्यायलात, खा साप. लवकर लग्न केलंत, खा साप. मुलांना वाटतं आपण काहीतरी नवं केलं. आपल्याकडचा मोक्षपट हेच करायचा, सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप. इथे त्याला परमपदम् म्हणतात. वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरण करायचं असतं, तेव्हा खेळतात. तिथे ते शोभतं, कारण प्रश्न आत्म्याचा आहे आणि ज्याचं कर्म त्याला फळ. पण तोच साचा उचलून झोपडपट्टीवर ठेवलात की सगळे साप त्या बाईच्या वागण्यात जाऊन बसतात. तिचं घर पाडायचं ज्या कागदावर ठरलं, तो कागद पटावर कुठेच नसतो. खापर मात्र तिच्या डोक्यावर.

तुझे पत्ते मी आमच्याकडे काम करणाऱ्या अक्कांना दाखवले. रागावू नकोस. त्या पेरुंबाक्कमहून येतात. पूर आला त्या २०१५ च्या डिसेंबरपर्यंत अड्यारच्या काठाला राहायच्या, आमच्या घरी चालत यायच्या. मी एकेक पत्ता तमिळमध्ये वाचत गेले आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग हात पुसून त्यांनी पत्ते स्वतःकडे घेतले आणि टेबलावर दोन गठ्ठे करायला लागल्या. एका गठ्ठ्यात त्यांनी स्वतः कधीतरी ठरवलेलं, दुसऱ्यात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं ते. पहिला गठ्ठा झाला चार पत्त्यांचा. बाकी एक सोडून सगळे दुसऱ्यात. शेअर ऑटोचा पत्ता त्यांनी दोन्हीकडे न ठेवता बाजूला सारला आणि हसल्या. इतक्या लांबचा ऑटो कोण करतं? बसच. आणि बस तर फुकट.

ही फुकट बस तुमच्या खेळात नाहीच! मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहरी बसला बायकांना तिकीट नाही. आपल्याकडे एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं झालं, इथे पूर्ण माफ. रेशनवरचा तांदूळ २०११ पासून इथे फुकट मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबातल्या बाईच्या खात्यात महिन्याला हजार रुपये येतात, म्हणजे आपल्या लाडक्या बहिणीच्या आधीपासून. आणि तुमच्या पटावर मात्र ती बाई पहिल्या आठवड्यात तांदळाला पैसे मोजते, दुसऱ्यात बसला. हे नियम चेन्नईचे नाहीत गं, कुठल्यातरी परदेशी खेळावरून उचललेले आहेत. गरिबी सगळीकडे सारखीच असं धरून चाललात. प्रत्येक राज्यात ती वेगळ्या जागी टोचते.

इथे ती कुठे टोचते ते अक्कांनी सांगितलं. बस फुकट असली तरी वेळ फुकट नाही. नदीकाठी असताना त्या सकाळी साडेसहाला पहिल्या घरी हजर असायच्या. आता पंचवीस-तीस किलोमीटर येऊन बस बदलेपर्यंत आठ वाजतात. ऑफिसला जाणाऱ्या माणसांना आठला आलेली बाई चालत नाही, म्हणून पहिलं घर गेलं. मग दुसरं. जाण्यायेण्यात तीन-चार तास जातात, ते कुठल्याच हिशेबात धरलेले नाहीत. तिकडे जवळपास घरकाम मिळत नाही का, असं विचारलं, तर म्हणाल्या की मिळतं, पण एकाच वेळी एवढ्या बायका तिथे नेऊन ठेवल्यावर पगार कुठून मिळणार?

म्हणून सांगते, नऊ हजार रुपये काढून टाका. त्याऐवजी हातात सोळा मणी द्या, जागेपणीच्या सोळा तासांचे. पल्लांगुळीत वापरतात तशा कवड्या किंवा चिंचोके घ्या, मैलापूरला देवळाच्या तळ्याभोवतीच्या दुकानांत मिळतील. बस फुकट, पण चार मणी जातात. पाणी भरायला एक. रेशनच्या रांगेत एक, दुकान बंद असलं तर आणखी एक, दुसऱ्या दिवशी. खेळणाऱ्याला हातात मणी धरून कळू दे की पैसे वाचवायला आधी वेळ लागतो आणि तो आपल्याकडे उरलेलाच नाही.

पल्लांगुळी खेळलीयेस का? हॉस्टेलमधल्या कुणा तमिळ मुलीच्या आजीकडे सापडेल. लाकडाचा दुमडता पट, दोन्ही बाजूंना सात-सात खळगे. पहिला डाव बरोबरीनं सुरू होतो. दुसऱ्या डावाला मात्र हरलेल्यानं आपल्याकडे उरलेल्या कवड्यांतच जमतील तेवढे खळगे भरायचे आणि बाकीचे बंद. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला खेळायची जागाही कमी. अर्थशास्त्राच्या तासाला मी जे फळ्यावर आलेख काढून सांगते, ते इथल्या बायकांनी दुपारच्या वेळी मांडी घालून पिढ्यान्‌पिढ्या खेळलंय. चेन्नईतच विनीता सिद्धार्थ यांनी ‘क्रीडा’ ही संस्था सुरू करून २००२ पासून हे जुने खेळ पुन्हा लोकांच्या हातात आणलेत. त्यांचे पट बघून घे. तुमचा गट गुगलवर परदेशी खेळ धुंडाळत बसलाय आणि कळसा तुमच्या काखेत आहे.

त्यातला एक तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. आडु पुली आट्टम्, आपल्याकडे वाघ-बकरी म्हणतात तो. तीन वाघ, पंधरा बकऱ्या, रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते तेवीस बिंदू. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला काही खाता येत नाही. ती एकेक करून पटावर येते आणि सगळ्या उतरेपर्यंत जागची हलूही शकत नाही. दोन्ही बाजूंचे नियमच वेगळे! बकरीवाला कितीही हुशार असला तरी एकट्या बकरीचा उपयोग शून्य, तिच्यामागचा बिंदू दुसऱ्या बकरीनं अडवलेला असला तरच ती वाचते. बकऱ्या जिंकतात ते वाघाला मारून नव्हे, त्याची हलायची वाट बंद करून. मला सांग, जमीनदार आणि कुळं, ठेकेदार आणि मजूर, कारखाना आणि युनियन, यांवर याहून नेमका खेळ कुणी केलाय? त्यात एकही भाषण नाही, गरिबाचं एकही रडकं चित्र नाही. नियमच सगळं बोलतात.

नियमांचं एक वाईटही असतं, तेही ऐकून ठेव. तू लहान असताना मे महिन्यात आपण ‘व्यापार’ खेळायचो आणि मी दादरला घर बांधलं की तू रडायचीस. तो खेळ ज्याच्यावरून आला त्या मोनोपॉलीचं मूळ एका बाईचं आहे. लिझी मॅगी तिचं नाव. जमिनीचं भाडं खाऊन माणसं कशी गबर होतात हे दाखवायला तिनं ‘लँडलॉर्ड्स गेम’ केला आणि १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे तिनं नियमांचे दोन संच दिले. एकात एकजण सगळ्यांना लुबाडून जिंकतो, दुसऱ्यात कुणाचीही भरभराट झाली तरी वाटा सगळ्यांना मिळतो. पेनसिल्व्हेनियात प्राध्यापक स्कॉट निअरिंग तो वर्गात खेळवायचे आणि मुलं हातानं पट काढून घरी न्यायची. १९३५ साली पार्कर ब्रदर्सनं तिच्याकडून हक्क घेतले, पाचशे डॉलरला. नियमांचा दुसरा संच गळून पडला, लुबाडायचा तेवढा राहिला, कारण मजा त्यातच येते. लोकांच्या लक्षात तुमचा हेतू राहत नाही, जिंकायची रीत राहते. ‘महिनाअखेरीस जास्त पैसे उरतील तो जिंकला’ हे वाक्य म्हणून आधी खोडा. तुमच्या अख्ख्या नियमावलीत ते एकच वाक्य खेळणाऱ्याच्या अंगात भिनणार आहे.

मग करायचं काय? दोन वाटा मला दिसतात.

एक वाट ब्रुकलिनच्या मुलांनी २००६ साली धरली होती. तुमच्याहून लहान, शाळकरी मुलं. ग्लोबल किड्स या संस्थेबरोबर आणि गेमलॅब या कंपनीच्या मदतीनं त्यांनी ‘आयिती’ नावाचा खेळ केला. हैतीतलं एक कुटुंब, आई, बाप, तीन मुलं. चार वर्षं काढायची. दर ऋतूला ठरवायचं की कोण शाळेत जाईल, कोण कामाला, कोण आजारी म्हणून घरी. पहिल्यांदा खेळणाऱ्याचं कुटुंब बहुतेक वेळा कर्जात नाहीतर अंथरुणावर जातं. म्हणजे निवड आहे, पण बरोबर पत्ता असा कुठलाच नाही. पोराला शाळेत घाला, बाप राबून आजारी पडतो. बापाला निजवा, फी राहते. तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यात एक उत्तर शहाणपणाचं आहे आणि एक मूर्खपणाचं. तिथे तसं नाही. हा फरक लहान वाटला तरी सगळा खेळ त्यानं बदलतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते. खेळणाऱ्याला रांगेत उभं करूच नका, रांग लावणाऱ्याच्या खुर्चीत बसवा.

२०१९ चा उन्हाळा घे. तू तेव्हा शाळेत होतीस. चेन्नईचे चार तलाव, पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम, चारही कोरडेठाक. चौघांची मिळून क्षमताच मुळात अकरा टीएमसीच्या आसपास आहे. आपलं एकटं कोयना एकशे पाच टीएमसीचं, यावरून अंदाज कर. १२ जुलैला जोलारपेट्टईहून पाण्याची रेल्वे आली, पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. टीव्हीवाले, फुलांच्या माळा, सगळं झालं. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला गेली तशीच. पण गणित कर. तेव्हा कपात होऊनसुद्धा शहराला रोज बावन्न कोटी लिटरच्या घरात पाणी दिलं जात होतं. त्यात ही गाडी अर्धा टक्काही नाही. खरं पाणी वाटलं जात होतं ते टँकरनं, इथल्या भाषेत तण्णी लॉरी. कुठल्या गल्लीत किती, कुणाला नळानं, कुणाला रांगेत प्लास्टिकच्या घागरी लावून, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवत होतं. आणि ज्याच्याकडे पैसे होते तो खासगी टँकर मागवत होता.

तेव्हा चौघांना चार खुर्च्या द्या. एक टँकरचं वेळापत्रक लावणारा अधिकारी, एक सोसायटीचा सेक्रेटरी, एक खासगी टँकरवाला, एक शहराबाहेरच्या गावातला विहिरीचा मालक, जो शेती सोडून पाणी विकतोय. तलावात दर फेरीला तेवढेच मणी. रांगेतल्या बायका पटावर असू देत, पण त्यांच्या सोंगट्या कुणाच्याच मालकीच्या नकोत. कुणी त्यांना हलवलं नाही की त्या तिथेच उभ्या. चार फेऱ्यांनंतर खेळणारा मान वर करून बघेल तेव्हा त्याच्या लक्षात येईल की आपण चौघं भांडत होतो आणि त्या सोंगट्या सकाळपासून जागच्या हलल्या नाहीत. ‘मी असतो तर जास्त वाचवले असते’ असं म्हणायला इथे जागाच उरत नाही.

हवं तर पट मोठा करा आणि कृष्णा आत आणा. चेन्नईला पाणी द्यायचं म्हणून १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी कृष्णेतलं पाच-पाच टीएमसी सोडायचं कबूल केलं. पंधरापैकी तीन वाटेत आटेल असं धरून बारा सीमेवर पोहोचायचं. १९९६ मध्ये पहिल्यांदा ते पाणी इकडे आलं. तू हॉस्टेलच्या नळाला तोंड लावतेस त्यात करारापुरतं का होईना महाबळेश्वरचं पाणी आहे. तीन राज्यं, एक कालवा, वाटेत प्रत्येकाचं शेत, आणि सगळ्यात शेवटी शहर. कालव्याच्या टोकाला बसलेल्याला कमी मिळतं ही गोष्ट कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. पण एवढा पट पहिल्याच वर्षी झेपणार नाही. टँकरचा करा.

बंगळुरूच्या ‘फील्ड्स ऑफ व्ह्यू’ या संस्थेनं कचऱ्यावर ‘रबिश!’ नावाचा पटावरचा खेळ केलाय. तिथेही खेळणारे कचऱ्याचं काम चालवणाऱ्यांच्या जागी बसतात. स्पर्धेच्या माहितीपत्रात त्याचा उल्लेख कर. परीक्षकांना आधीचं काम पाहिलेली मुलं आवडतात.

आता घरातल्या घरात दोन गोष्टी. तुमच्या गटातला तो कोडिंगवाला मुलगा ॲप करू म्हणतोय. नको म्हण. ॲपमध्ये नियम पडद्यामागे जातात आणि इथे तर नियमच दाखवायचेत. शिवाय कागदाचा खेळ मोडला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, ॲप मोडलं की चार दिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. आणि तू चित्रं काढायचं काम अंगावर घेतलंयस, ते दुसऱ्या कुणाला तरी दे. अगं, मी इतक्या वर्षांत पाहते आहे, मुली चित्रं काढतात, सादरीकरणाला साडी नेसून उभ्या राहतात, आणि नियम मुलं लिहितात. मग प्रश्न आले की उत्तरंही तेच देतात. नियमांची वही तुझ्याकडे ठेव. तुझं तमिळ अजून भाजीवाल्यापुरतं आहे हे खरं, म्हणून पत्ते तमिळमध्ये लिहायला दुसरी कुणी घे. पण लिहा तमिळमध्येच. चेन्नईच्या बायकांवरचा खेळ इंग्रजीत करून त्या बायकांनाच तो वाचता येऊ नये, हे काही बरं नाही.

आणि परीक्षकांना रडवायच्या भानगडीत पडू नका. भिजलेल्या डोळ्यांचे फोटो, मागे व्हायोलिन, शेवटी एक आकडा. रडून झालं की माणसाला हलकं वाटतं आणि तो जेवायला जातो. त्यापेक्षा ते आपापसात भांडले तर समजा जमलं.

खेळ तयार झाला की आधी अक्कांबरोबर खेळायचा, वर्गमित्रांबरोबर नंतर. त्यांना एकटीला बोलवू नका, त्यांच्या इमारतीतल्या दोघी-तिघी येऊ देत. एकटी बाई तुमच्यासमोर बरं तेच बोलेल, तिघी जमल्या की खरं बोलतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, समजावून सांगायचं नाही, कुठे अडल्या ते वहीत टिपायचं. रविवार दुपार त्यांना जमते. आणि तीन तास बसणार असतील तर तीन तासांचे पैसे आधी ठरवून, हातात द्यायचे. चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही. खर्चाच्या तक्त्यात ती ओळ मला दिसली नाही, छपाईच्या वर घाल.